स्कॅनर आणि प्रोग्रॅम यांची बोलणी

महोत्सवी अंकात देणगीदारांची नावे, विश्वस्तांची मनोगते आणि जुनी छायाचित्रे यांची अपेक्षा असते. त्यांच्या पंक्तीला एका यंत्रावरचा लेख आणून बसवण्यात औचित्य कोणते, अशी शंका काही सभासदांना येईल. औचित्य आहे. अशा अंकातील जुनी छायाचित्रे आणि पहिल्या वर्गणीदारांच्या यादीचे पिवळे पडलेले पान ही हल्ली स्कॅनरच्या काचेवरून गेल्याशिवाय छापखान्यात पोहोचत नाहीत. आपल्या घरोघरी ट्रंकांतून असलेले दस्त, पत्रे, लग्नपत्रिका आणि मोडीतल्या वह्या यांचीही पुढची वाट हीच आहे.

आणि या वाटेवर हटकून येणारी अडचण पुष्कळदा यंत्राची नसते. दिवा लागतो, काचेखालची पट्टी सरकते, मोटरीचा घरघराट ऐकू येतो, तरी संगणकाच्या पडद्यावर 'स्कॅनर सापडला नाही' एवढेच शब्द उमटतात. संगणक बदलला किंवा त्याची प्रणाली नवी घातली की हा प्रकार विशेष घडतो. मग कोणी जाणकार 'यंत्र जुने झाले, नवे घ्या' असा सल्ला देतो, आणि धडधाकट यंत्र भंगारात जाते. वस्तुतः मोडलेले असते ते यंत्र नव्हे. यंत्र आणि प्रोग्रॅम यांच्यामधली बोलणी मोडलेली असतात. ही बोलणी कशी चालतात, मध्ये कोण असतो आणि ती कोठे अडतात, एवढे सांगण्याचा येथे विचार आहे. तांत्रिक नावे आम्ही जरुरीपुरतीच घेऊ.

स्कॅनर कागद 'वाचतो' अशी एक समजूत आहे ती आधी दूर केलेली बरी. तो वाचत नाही, मोजतो. दिव्याचा प्रकाश कागदावर पडून परत येतो आणि सूक्ष्म घटकांची एक रांग तो किती आला हे टिपून ठेवते. एक ओळ झाली की पट्टी केसभर पुढे सरकते आणि दुसरी ओळ मोजते. अक्षर कोणते, सही कोणाची, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ए-फोर मापाचा कागद दर इंचास ३०० ठिपके या हिशेबाने घेतला तर आडवे २४८० आणि उभे ३५०८ ठिपके होतात, म्हणजे एकूण सुमारे ८७ लाख. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा आणि निळा मिळून तीन बाइट लागतात. तेव्हा एका पानाचे झाले २ कोटी ६१ लाख बाइट. करड्या छटांत घेतले तर ८७ लाख, आणि निव्वळ काळेपांढरे घेतले तर एका बाइटात आठ ठिपके मावत असल्यामुळे अकरा लाखांच्या आत. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात घेतले, ते अशा प्रकारचे पहिले चित्र. त्यात आडवे १७६ आणि उभे १७६ ठिपके होते, म्हणजे सगळे मिळून ३०,९७६! आज एका साध्या पावतीच्या चित्रातही त्याहून कितीतरी अधिक ठिपके असतात.

तेव्हा प्रोग्रॅम आणि स्कॅनर यांच्यात दोन प्रकारचा व्यवहार होतो. एकीकडून हुकूम जातात : येथून येथपर्यंतचा भाग घे, रंगीत घे, दर इंचास इतके ठिपके घे, आता सुरू कर. दुसरीकडून ठिपक्यांचा लोंढा येतो. तार कोणतीही असो, व्यवहार हाच. परंतु हुकुमांची भाषा प्रत्येक कारखानदाराने आपापली केली. एका कारखान्याच्या यंत्राला जो हुकूम कळतो तो दुसऱ्याच्या यंत्राला कळत नाही. कित्येकदा एकाच कारखान्याच्या दोन नमुन्यांतही मेळ नसतो. काही कारखानदार आपली भाषा छापून प्रसिद्ध करतात, पुष्कळजण ती घरातच ठेवतात.

प्रारंभी, म्हणजे १९८०च्या दशकात, चित्रांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना प्रत्येक स्कॅनरची भाषा आपल्या प्रोग्रॅममध्ये घालावी लागे. बाजारात दहा प्रोग्रॅम आणि वीस स्कॅनर आहेत असे धरा. प्रत्येकाचे प्रत्येकाशी जमवायचे तर दोनशे दुभाषे लागतील. उलट सर्वांनी मध्ये एक ठरावीक रीत मान्य केली, तर प्रत्येक प्रोग्रॅमने ती रीत एकदा शिकावी आणि प्रत्येक कारखानदाराने आपल्या यंत्रासाठी एक दुभाषा द्यावा. काम तिसांत भागते. या दुभाष्यालाच संगणकाच्या भाषेत ड्रायव्हर म्हणतात. मोटारीच्या ड्रायव्हरशी त्याचा काही संबंध नाही, आणि हे नाव आमच्या मते फारसे सुखाचे नाही. तो यंत्र चालवतो कमी आणि भाषांतर करतो अधिक.

अशी सर्वमान्य रीत ठरवण्यासाठी आल्डस, केअर, ईस्टमन कोडॅक, ह्यूलेट-पॅकार्ड आणि लॉजिटेक या कंपन्या एकत्र आल्या, आणि १९९२ साली 'ट्वेन' नावाची रीत प्रसिद्ध झाली. विंडोजवर चालणाऱ्या पुष्कळशा प्रोग्रॅमांत ती आजही आहे. नावाची कथा मोठी गमतीची आहे. ट्वेन हा 'दोन' या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द. पूर्व आणि पश्चिम यांच्याविषयी रुड्यार्ड किपलिंग यांची १८८९ सालची एक कविता आहे, तीतून तो उचललेला. स्कॅनर आणि संगणक ही दोन टोके जुळणे तेव्हा किती कठीण होते, हे त्यातून सुचवायचे होते. (किपलिंग यांचा जन्म १८६५ साली आपल्या मुंबईचा, हे जाता जाता सांगावेसे वाटते.) पुढे हा शब्द सगळा मोठ्या अक्षरांत छापला जाऊ लागला, त्यामुळे ही काही शब्दांची आद्याक्षरे असावीत असे लोकांना वाटले आणि ते अर्थ शोधू लागले. त्यांतला 'मनोरंजक नाव नसलेले तंत्रज्ञान' हा चेष्टेतला अर्थच लोकांच्या तोंडी राहिला.

ट्वेनच्या रचनेत तीन पक्ष असतात. पहिला आपला प्रोग्रॅम. तिसरा 'सोर्स', म्हणजे कारखानदाराने स्कॅनरबरोबर दिलेला दुभाषा. आणि दोघांच्या मध्ये 'सोर्स मॅनेजर' नावाचा मध्यस्थ. प्रोग्रॅम सोर्सशी थेट बोलत नाही. तो मध्यस्थाकडे निरोप देतो आणि मध्यस्थ तो पोहोचवतो. लग्नाच्या बोलण्यांत जसा एक पोक्त गृहस्थ मध्ये असतो, तसाच हा. संगणकात कोणकोणते सोर्स बसवलेले आहेत हे त्याला ठाऊक असते. प्रोग्रॅममध्ये 'स्कॅनर निवडा' म्हटल्यावर जी यादी दिसते ती हाच पुरवतो. प्रत्येक निरोप तीन शब्दांचा असतो : विषय कोणत्या वर्गातला, वस्तू कोणती, आणि तिचे करायचे काय. 'नियंत्रण, गुणविशेष, सांग' किंवा 'नियंत्रण, गुणविशेष, ठरव' अशा धर्तीचा. सारा व्यवहार या तीन-तीन शब्दांच्या निरोपांवर चालतो.

त्यांतली खरी रंगत गुणविशेषांच्या बोलण्यांत आहे. प्रोग्रॅम विचारतो, 'दर इंचास ठिपके किती देऊ शकतोस?' सोर्सला उत्तर चार तऱ्हांनी देता येते : एकच आकडा, आकड्यांचा संच, निवड करण्याजोगी यादी, किंवा 'अमुकपासून तमुकपर्यंत, इतक्या इतक्या अंतराने' असा पल्ला. मग रंगाचे विचारतो, कागद आपोआप ओढणारा फीडर आहे का ते विचारतो, दोन्ही बाजू एकदम घेतोस का ते विचारतो. नंतर आपली मागणी मांडतो. येथे एक बारीक गोष्ट आहे. प्रोग्रॅमने २५० ठिपके मागितले आणि यंत्राला २०० किंवा ३०० एवढेच जमत असले, तर सोर्स साफ नकार देईलच असे नाही. 'मान्य, पण नेमके तसे नाही, एकदा पाहून घ्या' अशा अर्थाचे एक खास उत्तर ट्वेनमध्ये आहे. शहाणा प्रोग्रॅम ते ऐकून पुन्हा विचारतो की शेवटी ठरले किती. जो विचारत नाही तो चित्रावर २५० असा शिक्का मारून मोकळा होतो, आणि पुढे ते पान मूळ मापात छापायला घेतले की मोठे किंवा लहान होऊन बसते. छापखान्यात चित्रांची मापे जुळत नाहीत तेव्हा त्याचे एक कारण हे असू शकते.

आमच्या वाचकांच्या दृष्टीने या बोलण्यांतील सर्वांत महत्त्वाचे कलम रंगाचे. काळेपांढरे, करड्या छटा की रंगीत, हे स्कॅन सुरू होण्यापूर्वीच ठरते, आणि ठरवणारे आपण असतो. पुष्कळदा आपण काहीच ठरवत नाही, म्हणजे मागचाच पर्याय कायम राहतो. काळेपांढऱ्यात प्रत्येक ठिपक्याला एक उंबरठा लावतात. त्याहून फिका तो पांढरा, गडद तो काळा. टंकलिखित पत्राला हे ठीक आहे. परंतु बोरूने लिहिलेल्या जुन्या कीर्दीची शाई उतरलेली असते आणि कागद तांबूस झालेला असतो. तेथे हा उंबरठा बारीक रेघा तरी पुसून टाकतो किंवा कागदाचे डाग शाईच्या रंगाने भरून काढतो. जे गेले ते त्या चित्रातून पुन्हा काढता येत नाही. अशा वह्या रंगीतच घ्याव्यात, निदान करड्या छटांत घ्याव्यात. २ कोटी ६१ लाख बाइट फार वाटतात, परंतु आजच्या साठवणीच्या मानाने ते काहीच नाहीत.

चित्र किती दाबून लहान करायचे हेही बोलण्यातलेच एक कलम आहे, आणि हिशेबाच्या वह्यांच्या बाबतीत त्याकडे दुर्लक्ष करू नये. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या कागदांत आकडेच बदलत होते. ६ च्या जागी ८ असे. कारण असे की चित्र लहान करण्याच्या त्या पद्धतीत सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा ठेवला जाई. कंपनीने पुढे दुरुस्ती दिली. पान अस्पष्ट आले तर निदान संशय तरी येतो. येथे आकडा स्वच्छ आणि चुकीचा असे.

ट्वेनच्या व्यवहाराच्या सात पायऱ्या आहेत, आणि त्यांना सप्तपदीची उपमा देण्याचा मोह आवरत नाही. पहिल्या पायरीवर काहीच नाही. दुसऱ्यावर मध्यस्थाला बोलावतात, तिसऱ्यावर तो कामाला बसतो. चौथ्या पायरीवर सोर्स उघडतो. वर सांगितलेली बोलणी मुख्यत्वे येथे होतात. पाचवीवर सोर्सला 'चल, काम सुरू' असे सांगितले जाते, सहावीवर चित्र तयार असल्याची वर्दी येते आणि सातवीवर चित्र प्रत्यक्ष हातात पडू लागते. सप्तपदीशी साम्य मात्र येथेच संपते, कारण येथे आल्या पावली परत उतरावे लागते. फीडरमध्ये आणखी कागद असला तर सातवीवरून सहावीवर येऊन पुढचे पान घ्यायचे. संपले की पाचवी, चौथी असे करीत खाली. मधली पायरी गाळता येत नाही. प्रोग्रॅम मध्येच कोलमडला आणि पायऱ्या उतरल्याच नाहीत, तर सोर्स आपल्या परीने अजून कामातच असतो. मग दुसऱ्या प्रोग्रॅमला 'स्कॅनर कामात आहे' असे उत्तर मिळते. अशा वेळी कार्यालयात यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्याचा जो उपाय करतात तो अगदीच अडाणीपणाचा नाही. अडकलेला प्रोग्रॅमही बंद करावा, म्हणजे दोन्ही टोके मोकळी होतात.

चित्र हातात देण्याच्या तऱ्हा तीन. सबंध चित्र एकदम स्मरणात ठेवणे, पट्ट्यापट्ट्यांनी देणे, किंवा सोर्सनेच फाइल करून ठेवणे. पहिल्या दोन प्रत्येक सोर्सला आल्याच पाहिजेत, तिसरी ऐच्छिक. मोठा नकाशा दर इंचास ६०० ठिपक्यांनी घ्यायचा असेल तर पट्ट्यांची रीत बरी; ३०० चे ६०० केले की ठिपके दुप्पट नव्हे, चौपट होतात.

आता जेथे घोडे पेंड खाते तेथे येऊ. ट्वेनमध्ये सोर्स हा प्रोग्रॅमच्या घरात येऊन राहतो. स्कॅन करताना जी चौकोनी खिडकी उघडते, जिच्यात रंग, माप, उजळपणा यांची बटणे असतात, ती सहसा आपल्या प्रोग्रॅमची नसतेच. ती सोर्सने काढलेली असते. म्हणूनच एकाच प्रोग्रॅममध्ये दोन स्कॅनरांच्या खिडक्या निरनिराळ्या दिसतात आणि शिकवलेला माणूसही गोंधळतो. सोर्समध्ये दोष असला तर तो प्रोग्रॅमलाही घेऊन बुडतो. आणि याहून मोठी अडचण बिटांची. जुने संगणक ३२ बिटांचे, हल्लीचे ६४ बिटांचे. ६४ बिटी प्रोग्रॅमच्या घरात ३२ बिटी सोर्सला राहता येत नाही. दोघांचे मापच जुळत नाही. कित्येक कारखानदारांनी आपल्या जुन्या यंत्रांसाठी ३२ बिटी सोर्सच दिला आणि पुढे नवा करून देण्याची तसदी घेतली नाही. त्यामुळे असे होते की कालपर्यंत चालणारा स्कॅनर नव्या प्रोग्रॅमच्या यादीतून नाहीसा होतो, आणि त्याच संगणकावरच्या एखाद्या जुन्या ३२ बिटी प्रोग्रॅममध्ये मात्र सुखाने दिसतो. यंत्र बिघडले असते तर ते कोठेच दिसले नसते, एवढा विचार केला तरी पुष्कळ भंगार वाचेल. यावर तोड आहे. काही प्रोग्रॅम एक छोटा ३२ बिटी मदतनीस वेगळा चालवतात. सोर्स त्याच्या घरात राहतो आणि मदतनीस चित्र इकडे पोहोचवतो. 'नॅप्स-टू' हा विनामूल्य मिळणारा प्रोग्रॅम असेच करतो.

ट्वेनच्या जोडीला मोठमोठ्या कचेऱ्यांतील वेगवान यंत्रांसाठी 'आयसिस' नावाची एक खाजगी मालकीची रीत आहे. आपल्यासारख्यांना तिच्याशी काम पडत नाही. मायक्रोसॉफ्टने आपली रीत २००० साली विंडोज मी या आवृत्तीबरोबर आणली आणि ती २००१ च्या एक्सपीपासून रूढ झाली; तिचे नाव 'विआ'. तिच्यात दुभाषा प्रोग्रॅमच्या घरात न राहता विंडोजच्या एका सेवेत राहतो आणि खिडकीही विंडोजची सर्वसाधारण वापरता येते. त्यामुळे वर सांगितलेली बिटांची कटकट पुष्कळशी टळते. परंतु सुविधा बेताच्या. पुष्कळांनी पाहिले असेल की यादीत एकच स्कॅनर दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावामागे 'विआ' लावून. ती दोन यंत्रे नव्हेत. विआचा दुभाषा ट्वेनच्या प्रोग्रॅमला आपल्या बाजूने उत्तर देतो, म्हणून ही दुसरी ओळ. कारखानदाराच्या खास सोयी हव्यात तर पहिली ओळ निवडावी. ती चालत नसेल तर दुसरीने काम भागते.

आमच्या मनात सर्वांत भरलेली रीत मात्र तिसरीच आहे. १९९६ साली डेव्हिड मोसबर्गर आणि अँडी बेक यांनी लिनक्स आणि तत्सम प्रणालींसाठी 'सेन' नावाची रचना केली. नावाचा अर्थ ताळ्यावर असलेला, आणि आद्याक्षरे उलगडली तर 'स्कॅनरची वाट आता सोपी' अशा आशयाचे वाक्य निघते. यांच्या विचाराचे मर्म असे की दुभाष्याने खिडकी काढूच नये. त्याने फक्त आपल्या यंत्रात काय काय ठरवता येते याची यादी द्यावी, आणि प्रत्येक गोष्टीचे नाव, ती कशाने मोजतात, किमान किती, कमाल किती, तिचे स्पष्टीकरण काय, हे सगळे तिच्याबरोबर सांगावे. त्या यादीवरून खिडकी कशी मांडायची ते प्रोग्रॅमने आपले पाहावे.

वरवर पाहता फरक लहान वाटतो, परंतु त्याचे परिणाम मोठे झाले. खिडकीचे ओझे गेल्यामुळे दुभाषा दुसऱ्या संगणकावरही बसू शकतो. एका संगणकाला स्कॅनर जोडून ठेवावा आणि वरच्या मजल्यावरच्या संगणकावरून स्कॅन करावे, यासाठी सेनमध्ये वेगळी यातायात नाही. तारेवरून जायची ती यादी, हुकूम आणि ठिपके. दुसरे असे की खिडकी नसलेला प्रोग्रॅमही स्कॅन करू शकतो. एक ओळ टंकली की शंभर पाने एकामागून एक घेता येतात.

सेनमधले हुकूम मोजके आणि सरळ आहेत : उघड, काय काय ठरवता येते ते सांग, हे असे ठरव, सुरू कर, दे, दे, दे, संपले, बंद कर. 'दे' म्हटल्यावर दुभाषा हाती असतील तेवढे बाइट देतो, सबंध पान तयार होण्याची वाट पाहत नाही. पान किती ओळींचे आहे हे आधी ठाऊक नसले तर 'ठाऊक नाही' असे सांगण्याचीही सोय आहे. ती कशासाठी? पूर्वी हातात धरून कागदावरून ओढण्याचे लहान स्कॅनर असत. माणूस हात कोठे थांबवील हे यंत्राला कसे कळणार! तसेच तांबडा, हिरवा, निळा असे तीन वेळा फेऱ्या मारणारे जुने स्कॅनर तीन चित्रे वेगवेगळी देत, त्यांचीही तरतूद सेनमध्ये केलेली आहे. जुन्या यंत्रांचा एवढा मान ठेवलेला पाहून बरे वाटते.

आणि हे दुभाषे लिहिले कोणी? पुष्कळसे स्वयंसेवकांनी. कारखानदाराने भाषा सांगितली तेथे प्रश्न नव्हता. जेथे सांगितली नाही तेथे या मंडळींनी कारखानदाराचा प्रोग्रॅम चालू असताना तारेतून काय काय जाते ते टिपले, आणि त्यावरून हुकूम कोणता, उत्तर कोणते, हे ताडून दुभाषा रचला. म्हणून असे घडते की ज्या यंत्राला त्याच्या कारखान्याने केव्हाच वाऱ्यावर सोडले, ते लिनक्सवर आजही काम देते. कोणते यंत्र कितपत चालते याची यादी सेनच्या मंडळींनी प्रसिद्ध केलेली आहे. तीत पूर्ण, चांगले, जुजबी, अगदी थोडे, न तपासलेले आणि न चालणारे अशी प्रतवारी आहे.

अलीकडे चौथी तऱ्हा वेगाने पसरली आहे, आणि तीत दुभाष्यालाच रजा मिळाली आहे. तिचे नाव 'ई-एससीएल'. खोक्यावर 'एअरस्कॅन' किंवा 'मोप्रिया' असे शब्द आढळतात. येथे स्कॅनरच एक लहानसे संकेतस्थळ होऊन बसतो. तो घरातल्या जाळ्यावर 'मी येथे आहे' अशी दवंडी देत असतो. संगणक किंवा फोन त्याला विचारतो, 'तुझ्या अंगी काय काय आहे?' उत्तरादाखल एक तपशीलवार पत्रक येते. मग मागणीचा अर्ज पाठवायचा : इतके ठिपके, रंगीत, काचेवरून की फीडरमधून, आणि चित्र जेपेग हवे की पीडीएफ. अर्ज मान्य झाला की कामाचा एक पत्ता मिळतो. त्या पत्त्यावर 'पुढचे पान' असे मागत राहायचे. पाने संपली की 'येथे काही नाही' असे उत्तर येते. इंटरनेटवरची पाने ज्या रीतीने मागवतात त्याच रीतीने हे सारे चालते, म्हणून विंडोज, मॅक, लिनक्स किंवा फोन असा भेद उरत नाही. तारेने जोडलेल्या कित्येक नव्या यंत्रांशीही याच भाषेत बोलता येते.

गुण सांगितले तसा दोषही सांगितला पाहिजे. सर्वांना समान असलेल्या सोयीच या रीतीत मिळतात. कारखानदाराचे खास कौशल्य पुष्कळदा बाहेर राहते. आणि दारावर पहारा नसला तर त्या जाळ्यावरचा कोणीही स्कॅनरला 'पुढचे पान दे' म्हणू शकतो. पाहुण्यांना वाय-फायचा संकेतशब्द देऊन ठेवलेला आहे आणि काचेवर कोणाचे तरी आधार कार्ड किंवा बँकेचे पासबुक विसरलेले आहे, ही स्थिती आमच्या कार्यालयांत दुर्मिळ नाही. काम झाले की काच उघडून पाहण्याची सवय लावावी, आणि यंत्रात संकेतशब्द ठेवण्याची सोय असेल तर ती वापरावी.

नवे यंत्र घेण्याची वेळ आलीच तर दुकानदाराला ठिपक्यांचा मोठा आकडा विचारण्यापेक्षा आधी हे विचारावे : ई-एससीएल आहे का? ट्वेनचा सोर्स ६४ बिटी आहे का? सेनच्या यादीत त्या नमुन्याची प्रत कोणती? पहिल्याचे उत्तर 'होय' असले तर पुढचे दोन प्रश्न जवळजवळ मिटतात. वह्या-दस्तांसाठी घेत असाल तर सपाट काच असलेलेच घ्यावे. फीडरने जुन्या वहीचे सुटे पान ओढले आणि ते फाटले, तर कोणतीही रीत ते जोडून देणार नाही.

आणि जुने यंत्र घरात असेल तर ते टाकण्यापूर्वी एक प्रयोग अवश्य करावा. अडगळीत पडलेला एखादा जुना संगणक घेऊन त्यावर लिनक्स बसवावे, स्कॅनर त्याला जोडावा, सेनला तो ओळखता येतो का ते पाहावे. ओळख पटली, तर 'एअरसेन' नावाचा एक विनामूल्य प्रोग्रॅम मिळतो. तो एका बाजूने सेनशी बोलतो आणि दुसऱ्या बाजूने ई-एससीएलच्या भाषेत दवंडी देतो. मग तेच जुने यंत्र त्या जाळ्यावरच्या नव्या संगणकांना आणि फोनना आजचे यंत्र असल्यासारखे दिसू लागते. विंडोजवर राहायचे असेल तर वर सांगितलेल्या नॅप्स-टूमध्येही स्कॅनर असा वाटून घेण्याची सोय आहे. आणि 'व्ह्यूस्कॅन' नावाचा एक विकतचा प्रोग्रॅम जुन्या पुष्कळ यंत्रांचे दुभाषे स्वतःजवळ बाळगून असतो.

जमले की एका जाड कार्डावर यंत्राचा पूर्ण नमुना क्रमांक, यादीतली कोणती ओळ निवडली, प्रोग्रॅम ३२ बिटी की ६४ बिटी, ठिपके किती आणि रंग कोणता ठेवला, हे तारखेसह लिहून ते कार्ड स्कॅनरच्या झाकणाला आतून न लावता बाहेरून चिकटवावे. आतून लावले तर प्रत्येक चित्रात उमटेल.